व्यायामाच्या दिवशी जास्त खायचं का? वजन उतरवताना आठवड्याचा हिशोब असा लावा

ठाण्यात उपवन तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये दर आठ-दहा दिवसांनी कोणीतरी हा विषय काढतंच, की आज एवढं चाललो, मग आज दोन घास जास्त खाल्ले तर चालतील ना? आणि उत्तरं एकदम दोन टोकांची येतात. एक म्हणते अजिबात नाही, सगळं पाण्यात जाईल, दुसरी म्हणते अगं खा, नाहीतर चक्कर येऊन पडशील. दोघी मनापासून सांगतात आणि दोघींचं अर्धं-अर्धं बरोबर असतं, कारण कोणता व्यायाम, किती वेळ आणि रोज किती कॅलरी खायच्या तो आकडा तुम्ही कसा काढलाय हे विचारल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही.

माझं उत्तर आधीच सांगते. पाऊण तास चालणं, योगा, जिममध्ये नेहमीचं वेट ट्रेनिंग, अशा दिवशी वेगळं काही जास्त खायची गरज नाही, फक्त जे खाताय ते व्यायामाच्या आसपास नीट बसवा. दीड-दोन तासांची मेहनत असेल, उपवनजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ, लांब पळणं, ट्रेक, तर हो, खा, पण जेवढं जाळलं असं वाटतंय त्याच्या अर्धंच. आणि हे जास्तीचं आठवड्याच्या हिशोबातून काढायचं, मनाला वाटलं म्हणून नाही. आता हे करायचं कसं ते एकेक करून बघू, वही-पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासात तुमचा स्वतःचा हिशोब तयार होईल.

पायरी १ : तुमच्या रोजच्या आकड्यात व्यायाम आधीच धरलाय का ते बघा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते म्हणून इथे जरा थांबते.

शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला किती कॅलरी खर्च करतं याचं एक सूत्र आहे, मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं, १९९० सालचं, आजही आहारतज्ज्ञ तेच सर्रास वापरतात. वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाई असाल तर त्यातून १६१ वजा करायचे, पुरुष असाल तर ५ मिळवायचे.

माझंच उदाहरण घ्या. वजन ७२, उंची १५८, वय ३८. म्हणजे ७२० अधिक ९८७ वजा १९० वजा १६१, साधारण १३५६. हा झाला पडून राहायचा खर्च. आता याला गुणायचं. दिवसभर खुर्चीत बसून काम आणि व्यायाम काहीच नाही तर १.२ ने, आठवड्यातून थोडाफार व्यायाम असेल तर १.३७५ ने, बऱ्यापैकी व्यायाम असेल तर १.५५ ने. माझं ऐरोलीला ऑफिस आहे, दिवसभर बसूनच, आणि आठवड्यातून पाच दिवस चालणं. १.२ ने गुणलं तर १६२८ येतात, १.३७५ ने गुणलं तर १८६५.

या दोन आकड्यांत २३७ चा फरक आहे ना, तोच तुमचा व्यायाम. म्हणजे १.३७५ घेतलं त्या क्षणी व्यायामाच्या कॅलरी रोजच्या ताटात वाटून टाकल्या गेल्या, सुट्टीच्या दिवशीच्या ताटातसुद्धा. आता त्याच्यावर परत "आज चालले म्हणून ३०० जास्त" असं केलं की एकच व्यायाम दोनदा मोजला. मी हे तीन महिने केलं. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये सुरुवातीलाच मॉडरेट ॲक्टिव्ह, म्हणजे बऱ्यापैकी व्यायाम, टाकलं होतं, वरून हातातलं स्मार्टवॉच त्या ॲपला जोडलेलं, चालून आलं की ॲप हिरव्या अक्षरात दाखवायचं की अजून ३४० खायला शिल्लक आहेत, आणि मी प्रामाणिकपणे ते खायचे. तीन महिन्यांत वजन उतरलं फक्त ७०० ग्रॅम. तेव्हा फार वाईट वाटायचं, कारण पाच वाजता उठून पावसात-थंडीत चालायला जायचे आणि काटा हलत नव्हता. मेहनतीत काही कमी नव्हतं, हिशोबच चुकला होता.

म्हणून दोनपैकी एकच रस्ता धरा. पहिला, व्यायाम धरून मोठा आकडा घ्या आणि रोज सारखंच खा. दुसरा, १.२ चा छोटा आकडा घ्या आणि ज्या दिवशी व्यायाम केला त्या दिवशी वेगळं मिळवा. माझं स्पष्ट मत आहे की घर, ऑफिस, लोकल सांभाळणाऱ्या माणसाला पहिलाच रस्ता झेपतो, कारण रोज डबा एकसारखा भरता येतो. दुसरा रस्ता ज्यांचा व्यायाम फार अनियमित आहे त्यांच्यासाठी, कधी आठवडाभर काहीच नाही आणि कधी सलग चार दिवस बॅडमिंटन.

मग त्या आकड्यातून ३०० ते ५०० कमी करा. मी ४०० केले, १८६५ चे १४६५ झाले. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी धरतात, त्यामुळे आठवड्याला २८०० कमी झाले तर महिन्याला दीड किलोच्या आसपास उतरायला हवं. हे ऐकायला कमी वाटतं पण हा वेग टिकतो. ८००-१००० कमी करायला जाऊ नका, विशेषतः व्यायाम चालू असताना, चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पंधरा दिवसांत माणूस सगळं सोडून देतो.

पायरी २ : खरंच किती जळलं?

वॉचवर विसंबू नका, प्लीज. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं साठ माणसांवर तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी छान मोजले पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात खराबची ९३ टक्के. शिवाय बरीचशी वॉच तुम्ही त्या वेळात नुसतं सोफ्यावर बसला असतात तरी जे जळलंच असतं तेही धरून आकडा दाखवतात. माझे तासाला ५५-६० असेच जातात, ते व्यायामाचे कसे धरणार?

त्यापेक्षा एक साधा ठोकताळा लक्षात ठेवा. चालताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, बसून जे जळलंच असतं त्याच्या वर साधारण अर्धी कॅलरी जळते. पळताना साधारण एक. झालं. मी ५ किलोमीटर चालते, ७२ गुणिले ५ गुणिले अर्धा, म्हणजे १८०. वॉच सांगायचं ३४०. जवळजवळ दुप्पट! आणि एक वडापाव सहज ३०० चा असतो, म्हणजे तलावपाळीला चालून झाल्यावर एक गरम वडापाव खाल्ला तर चाललेलं सगळं गेलं आणि वर शंभरेक उधारी झाली. वडापाव खाऊच नका असं मी म्हणत नाहीये, मीही खाते, पण तो "चालल्याचा" म्हणून खायचा नाही, आठवड्याच्या हिशोबात धरून खायचा.

जिममध्ये वजनं उचलताना तर आकडा अजून लहान असतो. पाऊण तासाच्या सेशनमध्ये अर्धा वेळ सेटच्या मधली विश्रांती असते, त्यामुळे माझ्या वजनाच्या बाईला वरचे १३०-१५० धरा, त्यापेक्षा जास्त नको. घाम किती आला त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये ठाण्यात नुसतं बसस्टॉपवर उभं राहिलं तरी शर्ट भिजतो. व्यायामानंतर काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसतं ते पाणी असतं, पाणी प्यायलं की परत येतं आणि यायलाच पाहिजे.

अजून एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. २०२१ साली सतराशेच्या वर प्रौढ माणसांच्या रोजच्या ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की आपण हालचालीत जास्तीच्या १०० कॅलरी जाळल्या तर दिवसाच्या एकूण खर्चात सरासरी ७२ च वाढतात, उरलेल्या शरीर दुसरीकडे काटकसर करून वाचवतं. म्हणजे सकाळी घाम गाळला की दुपारी आपण नकळत जास्त बसतो, लिफ्टने जातो, शरीर आतूनही हात आखडता घेतं. वॉचला हे कळत नाही. म्हणून मी वर म्हटलं की जास्तीचं खायचं झालं तर अर्धंच धरा, ठोकताळ्यात झालेली चूक आणि शरीराची ही काटकसर दोन्ही त्यात सामावतात.

पायरी ३ : आपल्या दिवसांची तीन गटांत विभागणी करा

हलका दिवस म्हणजे तासाभराच्या आतलं चालणं, योगा, घरची कामं, स्टेशनपर्यंत पायी. यात काहीच वाढवायचं नाही.

मधला दिवस म्हणजे जिम, तासभर झुंबा, पोहणं, तासभर बॅडमिंटन. यातही एकूण वाढवायचं नाही, पण खाण्याच्या वेळा हलवायच्या, त्याबद्दल पुढे सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे. डबल्स खेळून "आज ६०० उडवल्या" म्हणणारे भरपूर भेटतात, कोर्टवर खरंच हललात किती आणि बाकावर बसून आपल्या नंबरची वाट बघितलीत किती ते आठवून बघा.

मोठा दिवस वेगळा. दीड तासाच्या वर सलग मेहनत. माझा रविवार असतो, उपवनवरून येऊरला चढायचं, आत फिरून परत खाली, १२ किलोमीटरच्या आसपास होतं. ठोकताळ्याने ४३० येतात, चढाचे अजून शंभर-सव्वाशे धरले तर साडेपाचशे. याच्या अर्धे म्हणजे २७५. एवढं मी रविवारी जास्त खाते, निवांत, काही अपराधी वाटून घेत नाही.

पायरी ४ : हे २७५ आणायचे कुठून

माझा आठवड्याचा आकडा १४६५ गुणिले ७, म्हणजे १०,२५५. रविवारी १७०० खाल्ले तर बाकीच्या सहा दिवसांना १४२५ उरतात, म्हणजे रविवार त्यांच्यापेक्षा २७५ ने मोठा. रोजचे फक्त ४० कमी करायचे. ४० कॅलरी म्हणजे किती? भाजीच्या फोडणीतलं एक छोटा चमचा तेल, त्यातच ४५ असतात. मला हे कळलं तेव्हा खूप मोकळं वाटलं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की रविवारी नीट जेवायचं तर सोमवारी उपाशी राहावं लागेल. काही नाही, सहा दिवस माझ्या वाटणीचं तेल चमचाभर कमी, एवढंच.

हा हिशोब जमायला घरातली मापं माहीत हवीत. आमच्याकडे पोळ्या सासूबाई करतात, मी एकदा त्यांचे कणकेचे गोळे किचनच्या काट्यावर ठेवून बघितले, एकेक गोळा ६०-६२ ग्रॅमचा निघाला. ॲपमधल्या साध्या पोळीला ३० ग्रॅम पीठ धरलेलं असतं, म्हणजे गोळा साधारण ५० ग्रॅमचा. आमच्या पोळीत ३७ ग्रॅमच्या आसपास पीठ जात होतं, नुसत्या पिठाचे १३०, वरून तूप लावलं की अजून ४५. मी तीन पोळ्यांचे ३०० लिहीत होते आणि खात होते सव्वापाचशे. सासूबाईंना दाखवलं तर त्याच म्हणाल्या, "अगं मग मला सांगायचंस ना, लहान लाटते तुझ्या." आता माझे गोळे त्या वेगळे काढतात. तुम्हीही एकदाच, फक्त एक आठवडा, पोळीचा गोळा, भाताची वाटी, पोह्यांची ताटली आणि तेलाचा चमचा मोजून घ्या, नंतर नजरेला सवय होते, आयुष्यभर मोजत बसावं लागत नाही.

प्रेमाने वाढलेलं हा वेगळा मुद्दा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. रविवारी येऊरवरून आले की सासूबाई ताटात वाढतानाच म्हणायच्या, "एवढी चालून आलीस, घे अजून एक, ताकद कुठून येणार?" नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं. मग मी त्यांना सांगितलं, "आई, पोळी नको, उसळीची अजून एक वाटी द्या." त्यांचं वाढण्याचं समाधान झालं आणि माझं पोटही भरलं.

पायरी ५ : किती यापेक्षा कधी आणि काय

समजा तुमचं रोजचं ताट १४५० चं आहे आणि जिम संध्याकाळी साडेसातला. ऑफिसात एक वाजता डबा खाल्ला, मध्ये दोन चहा, ट्रान्सहार्बर लोकलने उभं राहून ठाण्यापर्यंत, तिथून जिम, घरी यायला नऊ. म्हणजे आठ तास पोटात धड काही नाही. मग साडेनऊला माणूस जेवत नाही, तुटून पडतो. वर सगळे सांगतात की व्यायामाने भूक वाढते. भूक व्यायामाने थोडी वाढली असेलही, पण जास्त करून ती मधल्या आठ तासांची आहे.

इलाज एवढाच की त्याच १४५० मधले २००-२५० संध्याकाळी साडेपाच-सहाला हलवा. मूठभर फुटाणे आणि एक केळं. किंवा उकडलेली दोन अंडी आणि थोडे चुरमुरे. किंवा सकाळच्या डब्यातली अर्धी पोळी-उसळ मुद्दाम बाजूला ठेवलेली. रात्रीच्या ताटातला भात तेवढा कमी करा. एकूण तेवढंच, पण जिममध्ये हात-पाय चालतात आणि रात्री ताटावर बसलेलं माणूस शांत असतं.

सकाळी चालायला जात असाल तर पाऊण तासासाठी आधी काही खाल्लं नाही तरी चालतं, ग्लासभर पाणी पुरे. ज्यांना गरगरतं त्यांनी अर्धं केळं खाऊन निघा. आल्यावर नाश्ता नेहमीचाच पण त्यात प्रोटीन हवं, नुसते पोहे किंवा नुसता उपमा नको. पोह्यांबरोबर एक अंडं किंवा वाटीभर दही, नाहीतर मुगाची धिरडी. हाच नाश्ता नीट झाला की अकरा वाजताची बिस्किटं आपोआप सुटतात, मला तरी सुटली.

प्रोटीनचं एक लक्षात ठेवा, ते व्यायामाच्या दिवशी वाढवायचं आणि सुट्टीच्या दिवशी सोडायचं असं नसतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय पोषण संस्थेने साध्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगितलंय. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना ते १.२ ते १.६ पर्यंत न्यावं असं क्रीडा आहारतज्ज्ञ साधारणपणे सांगतात, कारण स्नायू टिकले पाहिजेत. माझं टार्गेट ८५ ग्रॅम आहे आणि ते आपल्या जेवणातून गाठायला खरंच कष्ट पडतात. घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, अंड्यात ६, दह्याच्या वाटीत ५, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये १८-१९, मूठभर फुटाण्यांत ६. शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरीही आहेत, तेव्हा शेंगदाणे मोजून. रविवारचे माझे जास्तीचे २७५ मी बहुतेक वेळा असे खाते: सव्वाशे ग्रॅम मासे जास्त आणि अर्धी वाटी भात. पूर्वी तिथे मिसळ, दोन पाव आणि वर लस्सी असायची, ते सगळं मिळून ८०० च्या घरात जायचं आणि दुपारी दोनला परत भूक.

पाण्याबद्दल थोडक्यात. तासाच्या आतल्या व्यायामाला एनर्जी ड्रिंकची गरज नाही. उन्हाळ्यात जास्त घाम आला तर पातळ ताक मीठ-जिरं घालून, किंवा लिंबूपाणी, साखर असलीच तर चमचाभर. उसाचा रस हा व्यायामानंतरचा उपाय नाही, तो गोड पदार्थ आहे, तसाच धरा.

कधी खरंच जास्त खावं लागतं

माझा भाऊ नेरूळला राहतो. वय ४६, वजन ८४, उंची १७२. हाफ मॅरेथॉनची तयारी आणि वजन उतरवणं दोन्ही एकदम करत होता, दिवसाला १८०० खायचा, रोज सारखंच, रविवारीही. एका रविवारी पाम बीच रोडला १६ किलोमीटर पळून झाल्यावर फुटपाथवर बसूनच राहिला, हात थरथरत होते. मी विचारलं, "दादा, काल रात्री काय खाल्लं होतंस?" तर म्हणाला सूप आणि सॅलड, कारण दुसऱ्या दिवशी "भरपूर जळणार" होतं. आता हिशोब करा. बसून राहायचा त्याचा दिवसाचा खर्च २०२८, पळण्याचे ८४ गुणिले १६, म्हणजे १३०० च्या वर. एकूण ३३५० च्या आसपास खर्च आणि पोटात १८००. दीड हजारांचा खड्डा एका दिवसात! आणि हा खड्डा टिकतही नव्हता, सोमवारी-मंगळवारी ऑफिसमध्ये तो दिसेल ते खात होता, समोसे, पेढे, मुलाच्या डब्यातला पिझ्झा.

त्याला आम्ही असं बसवून दिलं: शनिवारी रात्री पोटभर भात-वरण, रविवारी पळायच्या तासभर आधी केळं आणि मध लावलेला ब्रेड, पळताना पाणी आणि थोडे खजूर, आल्यावर तासाभरात नीट जेवण. शनिवार रात्र आणि रविवार मिळून ७०० जास्त. सोमवारीही २०० जास्त, कारण लांब पळण्याची भूक पुष्कळांना दुसऱ्या दिवशी लागते आणि तिला आधीच जागा ठेवली की समोशांना जागा उरत नाही. बाकीच्या दिवसांत जास्त कापायचं नाही, उलट वजन उतरण्याचा वेग कमी ठेवायचा. शर्यतीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत तर वजन उतरवणं थांबवाच.

खाणं कमी पडतंय याच्या खुणाही ओळखता आल्या पाहिजेत. झोप लागत नाही, सतत थंडी वाजते, केस गळतात, जिममध्ये मागच्या महिन्यात उचललेलं वजन आता उचलत नाही, चिडचिड, आणि बायकांमध्ये पाळी पुढे जाते किंवा बंद होते. पाळीत फरक पडला तर ते अंगावर काढू नका, आधी खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डायबेटिस असेल तर हा लेख वाचून आपल्या मनाने काही बदलू नका. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना व्यायाम वाढवला आणि खाणं कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, कधीकधी रात्री झोपेतही. अशा लोकांनी व्यायामाच्या दिवशी कधी आणि किती खायचं, गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांबरोबर ठरवा आणि चालायला जाताना खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवाच. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढत्या वयातली मुलं यांनीही वजन उतरवायचा हिशोब स्वतः लावू नये. आणि ज्यांना आधी कधी खाण्यावरून आजारपण आलंय, उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं, त्यांनी आकडे मोजूच नयेत, जाणकार माणसाची मदत घ्यावी.

उपवासाचा दिवस आणि व्यायाम

संकष्टीला किंवा नवरात्रात जिम करायची का, हे मला खूप जणी विचारतात. चालणं, योगा जरूर करा. जड वजनं आणि लांब पळणं त्या दिवशी नको. आणि साबुदाण्याच्या खिचडीला हलकं समजू नका, साबुदाण्यात प्रोटीन नसल्यातच जमा असतं, जे काही असतं ते दाण्याच्या कुटातलं, आणि तेला-तुपाने एक ताटली सहज ४०० च्या वर जाते. त्यापेक्षा दही, दूध, पनीर, राजगिरा, भगर असं बसवा. संध्याकाळी उपवास सोडणार असाल तर व्यायाम उपवास सोडायच्या थोडा आधी ठेवा.

पायरी ६ : तीन-चार आठवडे थांबून मग बदला

वजन रोज सकाळी करा किंवा आठवड्यातून तीनदा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. जड व्यायामानंतर स्नायूंत पाणी धरलं जातं, भात-पोळी जास्त झाली तरी धरलं जातं, कारण शरीर साखरेचा जो साठा करतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. त्यामुळे येऊरच्या दुसऱ्या दिवशी माझा काटा ८०० ग्रॅम वर असतो आणि बुधवारपर्यंत खाली येतो. बायकांनी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करा, पाळीच्या आधीचं आणि नंतरचं वजन एकत्र लावू नका. कंबरही मोजा. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी असं धरतात, आणि पुष्कळदा काटा हलायच्या आधी टेप हलते.

चार आठवड्यांत सरासरी अजिबात हलली नाही तर रोजचे १०० कमी करा, किंवा त्याहून बरं म्हणजे आधी एक आठवडा परत सगळं मोजून लिहा, बहुतेक वेळा तेल आणि चहातली साखर निसटलेली सापडते. वजन आठवड्याला एक किलोच्या वेगाने पडत असेल आणि थकवा असेल तर १५० वाढवा.

आणि आपल्याकडे जुलैमध्ये हमखास होणारी गोष्ट, चार दिवस पाऊस, उपवनला चिखल, लोकल बंद, व्यायाम शून्य. एक-दोन दिवस बुडाले तर काहीच बदलू नका, तेवढंच खा, आठवड्याच्या हिशोबात ते मुरतं. सगळा आठवडा गेला तर फक्त रविवारचे जास्तीचे २७५ सोडून द्या आणि बाकी ताट तसंच ठेवा. १.२ चा आकडा काढून ताट अजून बारीक करायला जाऊ नका, माझ्या बाबतीत ते १२२८ वर जातं, तेवढ्यावर दोन दिवस निघतात आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावसात भजी तळली की पाव किलो संपतात. त्या आठवड्यात वजन थोडं हळू उतरेल, उतरू दे. घरातच वीस मिनिटं जिना चढ-उतार करा, आमच्या बिल्डिंगचे सात मजले मी चार वेळा करते, आणि पाऊस उघडला की पहिल्या दिवशी थेट येऊर न चढता दोन दिवस सपाटीवर चाला, मग रविवारचं ताट परत मोठं करा.